अकरा पायऱ्या उतरणारी आरती

अहो, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तुमची ती जुनीच खोड. वाद रंगात आला की ‘‘मास्तरीणबाई, बाकीचं उद्या’’ म्हणायचं आणि संध्येला बसायचं. आता मी एकटीनं किती भांडू? तरी भांडतेच आहे. पंजाबी मुलखातल्या मनीमाजऱ्याच्या या दोन खोल्यांत मी मोठमोठ्यानं बोलते आणि खालच्या कौरबहेनजी काळजीनं वर येऊन बघून जातात.

भेटायला येणारे तुमच्याबद्दल छापल्यासारखं बोलतात. फौजेत धर्मगुरू होते, निवृत्तीनंतर आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या देवळात पूजा केली, फार शांत माणूस. शांत? डोंबलाचे शांत! एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाला तुम्हाला हलवता आलं नसतं. अठ्ठेचाळीस वर्षांहून जास्त संसार केलाय मी या शांत माणसाबरोबर. पण हे त्यांना कशाला सांगू? मान हलवते आणि चहा टाकते.

तुमच्याशी मात्र मला उंदराबद्दल बोलायचंय.

गेल्या भाद्रपदात, चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही सहा बायका गाभारा धुवायला गेलो होतो. दुपारी तुम्ही आलात, तर गणपतीपुढच्या संगमरवरी उंदराचा डावा कान तुटून खाली पडलेला. तुम्ही तो तुकडा उचललात, धोतराला पुसलात आणि म्हणालात, ‘‘जयपूरहून नवा उंदीर मागवू. याला घग्गर नदीत सोडून येऊ. बिचाऱ्यानं बारा वर्षं मोदकाकडे बघत काढली, आता सुटला.’’ विषय तिथंच संपायचा. पण मी होते ना तिथं! मी कंबर कसली. खंडित मूर्ती म्हणजे काय खेळ आहे का, कुणाच्या हातून झालं ते कळलंच पाहिजे, म्हणून मीच सुचवलं की एकेकीनं दूर्वा हातात घ्यायची, गणपतीच्या पायावर हात ठेवायचा आणि सांगायचं. तुम्ही म्हणालात, ‘‘अगं, कानासाठी शपथ?’’ मी ऐकलं नाही. सहाही जणींनी हात ठेवला, सहाही जणींनी ‘मी नाही’ म्हटलं. म्हणजे एक जण खोटं बोलत होती.

ती रुपाली निघाली. हवालदाराची बायको, सव्वीस वर्षांची, जत तालुक्यातली. नवरा सरहद्दीवर, आणि ही इथं फॅमिली क्वार्टरमध्ये एकटी. हिंदी बेताचं, पंजाबी शून्य. आपलं देऊळ म्हणजे तिला दिवसातून एकदा मराठी ऐकू येण्याची जागा. शिवाय नवऱ्यासाठी तिनं गणपतीला बोलून ठेवलं होतं, तो सुखरूप घरी येईपर्यंत रोज संध्याकाळी दर्शनाला येईन, एक दिवस चुकवणार नाही. विसर्जनानंतर चार दिवसांनी ती देवळाच्या स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. मी नारळ खवत होते.

‘‘काकू, माझ्या हातनंच झालं ओ. तांब्या निसटला. समद्या माझ्याकडं बघाया लागल्या आन् माझ्या तोंडातनं न्हाईच आलं. आता झोप लागंना मला.’’

मी तिला जवळ घेतलं. बरं केलंस सांगितलंस, असं म्हणाले. आणि रविवारी तेच देवळाच्या समितीपुढं जाऊन ओकले. पोरीनं मनातलं मला सांगितलं होतं, समितीला नव्हे. हे तुम्ही मला कधी तोंडावर म्हणाला नाहीत. मीच आज म्हणते.

ती बैठक मला शब्दन् शब्द आठवते. साठेसाहेब, आपले अध्यक्ष, हवाई दलातून निवृत्त झालेले, अजून बसताना सुद्धा पाठ सरळ. त्यांनी तुम्हाला विचारलं, ‘‘पंडितजी, देवाच्या पायावर हात ठेवून खोटं बोलणं हे पाप आहे की नाही?’’

‘‘आहे.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? ज्याच्या पायावर हात ठेवला त्यानं ऐकलंय. तो बघेल. आपण तिथं नुसते उभे होतो, साहेब. न्यायाला आपल्याला कुणी बसवलं नव्हतं.’’

मला राहवलं नाही. मी मध्येच बोलले, ‘‘असं म्हटलं तर उद्या कुणीही यावं, दूर्वा उचलावी आणि वाट्टेल ते बोलावं! धाक कुणाचा राहील?’’

‘‘समितीचा धाक हवा असेल,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘तर शपथ समितीच्या पायावर हात ठेवून घ्यायची होती.’’

सगळे हसले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साठेसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, ‘‘इथं गुरुद्वाऱ्यातसुद्धा चुकलेल्याला सजा देतात. मोठमोठ्या माणसांना देतात. मग आपणच का नाही?’’ प्रश्न पक्का होता. मला वाटलं, आता पंडितजी अडकले.

‘‘देतात की,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘आणि काय सांगतात? आलेल्यांचे जोडे पूस, लंगरची भांडी घास. म्हणजे सजा म्हणून माणसाला आत बोलावतात. तुम्ही रुपालीला वर्षभर गाभारा धुवायला सांगा, मी स्वतः बादल्या भरून देतो. बाहेर कशाला काढताय?’’

तरी ठराव झाला. रुपालीनं एक वर्ष देवळाची पायरी चढायची नाही. सात हात वर गेले, आठवा तुमचा खाली राहिला. ठराव मांडणारी कोण? तर पंडितजींची सौभाग्यवती. घरी येताना रिक्षात तुम्ही एवढंच म्हणालात, ‘‘बघ बाई.’’ मला वाटलं, हरलात. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती झाली. रुपाली फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी होती, हात जोडून. पायरी बंद झाली तरी बोललेलं मोडायचं नव्हतं तिला, म्हणून जिथून कळस दिसतो तिथं येऊन थांबलेली. तुम्ही तबक उचललंत, निरांजनावर डावा हात आडवा धरलात आणि निघालात. साठेसाहेबांनी विचारलं, ‘‘पंडितजी, किधर?’’

‘‘खाली. पायरी तिला बंद केलीय, मला नाही. आरतीनं पायऱ्या उतरू नयेत, असं ठरावात कुठं लिहिलंय?’’

अकरा पायऱ्या. तो दुखरा उजवा गुडघा. ऑपरेशन टाळत तीन वर्षं काढलेली. एकेका पायरीला उजवा पाय आधी, मग डावा, आणि ज्योत हलू द्यायची नाही. रुपालीनं आरतीवरून हात फिरवला आणि ती रडायला लागली. तुम्ही तिला अंगारा लावलात आणि विचारलंत, ‘‘नवऱ्याचा फोन आला का?’’ जसं काही झालंच नाही. मी वर सभामंडपात उभी राहून दात-ओठ खात होते.

मग ते रोजचंच झालं. आणि मजा बघा, देव रस्त्यावर आल्यावर रस्त्यावरची माणसं थोडीच सोडतात? समोरच्या बंगल्यातले सरदारजी कुत्र्याला फिरवायला निघायचे, ते कुत्र्याची साखळी बायकोच्या हातात देऊन पुढं यायचे. ‘‘पंडितजी, सानूं वी!’’ म्हणजे आम्हालाही द्या. मग शेंगदाणे आणि तिळगुळाची गजक विकणारी गजकवाली, मग इस्त्रीवाला, मग ट्यूशनवरून येणाऱ्या पोरी. पौषात धुक्यानं फाटकसुद्धा दिसत नव्हतं, तेव्हाही देवळात आम्ही सात जण आणि रस्त्यावर दहा-बारा. साठेसाहेब चरफडायचे. मीही चरफडायचे, पण आतून मला काय व्हायचं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला अभिमान वाटायचा हो. तोंड वाकडं करून मी तुमची शाल नीट करायचे, तेव्हा छाती भरून आलेली असायची माझी. सांगायला काय झालं होतं मला?

तुम्ही हे पहिल्यांदा करत नव्हता, हेही मला ठाऊक होतं. जम्मूकडच्या त्या युनिटमध्ये एका जवानाला क्वार्टर गार्डमध्ये डांबलं होतं, दारू पिऊन सुभेदाराच्या अंगावर गेला म्हणून. मंगळवारी सगळी पलटण मंदिरात, हा एकटा कोठडीत. तुम्ही प्रसादाचं ताट घेऊन थेट तिकडं गेलात. पलटणीच्या प्रमुखांनी, सीओसाहेबांनी, बोलावून झापलं, तर तुम्ही सावधानमध्ये उभे राहून म्हणालात, ‘‘साहेब, सजा आपली. ती मी एका दिवसानंही कमी करायला सांगत नाही. प्रसाद माझ्याकडचा, तो मी कुणाचा कमी करत नाही.’’ घरी येऊन सांगितलंत तेव्हा मी घाबरून विचारलं, नोकरी गेली तर? तुम्ही म्हणालात, जाईल तर वाईला जाऊन भिक्षुकी करू. नोकरी काही गेली नाही. उलट पुढच्या मंगळवारी सीओसाहेबांनीच विचारलं म्हणे, ‘‘पंडितजी, उधर प्रसाद भेजा?’’

गुन्ह्याला शिक्षा हवी, हे तुम्हालाही मान्य होतं. फौजेत आयुष्य गेलेला माणूस ते कसं नाकारेल? पण गुन्हा वेगळा आणि पाप वेगळं, हे तुमचं पालुपद. गुन्हा माणसाविरुद्ध होतो, त्याचं माणसांनी बघावं. पाप देवाशी होतं, त्यात आपण नाक खुपसायचं नाही. मी म्हणायचे, बोलायला सोपं आहे. देव काही लगेच शिक्षा देत नाही, तोवर लोक शेफारतात. तुम्ही म्हणायचात, ‘‘तो लगेच देत नाही म्हणूनच तर तू आणि मी अजून जेवतोय.’’ मला वाटायचं, हे आपलं विनोदानं. आता कळतंय की तुम्ही तेव्हा ‘तू’ जरा दाबून म्हणायचात.

माघात तुमच्या छातीत दुखलं आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. मी डॉक्टरांना पहिलं विचारलं, रोज थंडीत पायऱ्या उतरायचे त्यानं झालं का? नाही म्हणाले, हृदयच थकलं होतं. मला हायसं वाटलं आणि रागही आला. निदान भांडायला एक कारण तरी मिळालं असतं.

वत्सलावन्सं वाईहून दहाव्याला आल्या. तुमची धाकटी बहीण, आता त्रेसष्ट वर्षांची, पण तुमच्याबद्दल बोलताना अजून ‘आमचा दादा’. तेराव्याचं जेवण झालं, मंडळी गेली, आणि आम्ही दोघी उरलेलं पुरण डब्यात भरत बसलो. त्या एकदम हसायला लागल्या.

‘‘वहिनी, गौरीची पोळी आठवते का?’’

माझ्या हातातला डाव खाली पडला.

तुम्हाला काय सांगू? आणि सांगायचं तरी काय, तुम्हाला तर ठाऊकच होतं! लग्नाला वर्ष झालेलं, आपल्या शिरीषच्या वेळी मला सातवा महिना. गौरीच्या नैवेद्याला पुरणपोळ्या झाल्या होत्या, दुपारचे दोन वाजत आलेले, आरती काही होईना. मला इतकी भूक लागली की मी कोठीच्या दाराआड जाऊन नैवेद्यातली एक पोळी खाल्ली. देवाच्या आधी. सासूबाईंनी पोळ्या मोजल्या आणि त्यांचा पारा चढला. घरातल्या सगळ्या बायकांना देवाच्या पाटाला हात लावून सांगायला लावलं. मी हात लावला आणि सांगितलं, मी नाही. आळ आला पंधरा वर्षांच्या वत्सलावन्संवर, कारण खादाड म्हणून नाव त्यांचंच. त्यांना पंगतीला बसू दिलं नाही, वरच्या माडीवर बसवून ठेवलं, सणाच्या दिवशी. मी एक शब्द बोलले नाही. अठ्ठेचाळीस वर्षं बोलले नाही.

‘‘मी बघितलं होतं तुम्हाला खाताना,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘दादा रजेवर आलेला. त्याला जाऊन सांगितलं. तर म्हणाला, वत्सू, बोलायचं नाही कुणाला. ती पोटुशी आहे, भूक लागली असेल. आणि तिनं देवाला हात लावलाय ना, मग आता ते तिचं आणि देवाचं. आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्याबरोबर वर जेवायला येऊन बसला की! आई ओरडत राहिली खालून.’’

ते ताट मला आठवतं हो. मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यावर रुसून वर गेलात. मी रात्रभर तोंड फुगवलं होतं.

मग एकेक उलगडत गेलं. शिरीष तीन वर्षांचा असताना टायफॉइडनं फणफणला होता. मी त्याच्या उशाशी बसून मनातल्या मनात देवाला म्हणत होते, माझ्या खोटेपणाची शिक्षा याला देऊ नको. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आणि तुम्ही त्याच्या कपाळावरची पट्टी बदलता बदलता, कुणी काही विचारलं नसताना म्हणालात, ‘‘देव आईवरचा राग पोरावर काढत नाही. तू जरा पड.’’ मी चकित झाले होते, यांना कसं कळलं? वन्संमुळं कळलं होतं तुम्हाला.

आणि मग त्या रविवारची बैठक. मी ताठ मानेनं ठराव मांडत होते, खोट्या शपथेला शिक्षा झालीच पाहिजे म्हणून. तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. एक वाक्य पुरलं असतं. ‘गौरीची पोळी कुणी खाल्ली गं?’ एवढंच. मी जागच्या जागी गप्प झाले असते, ठराव पडला असता, रुपाली सुटली असती. आणि तुम्ही म्हणालात, ‘‘बघ बाई.’’ बायकोला चारचौघांत उघडं पाडून वाद जिंकण्यापेक्षा चौऱ्याहत्तराव्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यानं रोज अकरा पायऱ्या उतरणं पत्करलंत. अहो, असं कोण करतं? मी तुमच्या नावानं रडले नव्हते तेवढी त्या दिवशी पुरणाच्या डब्यापुढं रडले. वन्संना वाटलं, त्यांचं काही चुकलं.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी देवळात गेले. मधले तेरा दिवस आरती साठेसाहेब करत होते, आणि खाली कुणी आलं नव्हतं. रुपाली मात्र आली होती, रोज. सरदारजींनीच मला सांगितलं, ‘‘ओ कुडी तां रोज खड़ी रहंदी है जी.’’ त्या दिवशीही होती. मला बघून ती मागं सरली. मी तिचा हात धरला आणि तिच्या शेजारी उभी राहिले, रस्त्यावर.

आरती संपली. साठेसाहेबांनी वरून मला पाहिलं. ‘‘वहिनी, वर या ना. आज तुमच्या हातून मंत्रपुष्पांजली.’’

‘‘मला पायरी बंद आहे, साहेब.’’

‘‘तुम्हाला? कुणी केली?’’

‘‘मीच. ठराव मांडला होता ना मी? देवाला हात लावून खोटं बोलणाऱ्यानं पायरी चढायची नाही.’’

आणि मग मी सांगितलं. रस्त्यावर उभी राहून, मोठ्यानं, शाळेत धडा शिकवायचे त्या आवाजात. पोळी, पाट, वन्सं, माडी, सगळं. वर बायका कठड्याला येऊन उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाले, ‘‘हिनं पंधरा दिवसांत कबूल केलं, मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. हिला एक वर्ष, तर मला किती, ते समितीनं ठरवावं. आमचे हे असते तर त्यांनी काही ठरवलं नसतं. त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्यांनी मला साधं डोळ्यांनीसुद्धा कधी टोचलं नाही.’’ रुपालीनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

साठेसाहेब तबक धरून तसेच उभे. मग त्यांनी निरांजनावर हात आडवा धरला आणि पहिली पायरी उतरले. त्यांना सवय नाही हो, ज्योत दोनदा विझता विझता राहिली. खाली आले आणि तबक आधी रुपालीपुढं धरलं, मग माझ्यापुढं. म्हणाले, ‘‘पंडितजींशी मी फार वाद घातला, वहिनी. उद्यापासून दोघी वर येत चला. माझ्याच्यानं हे रोज होणार नाही.’’

मी म्हटलं, ‘‘ठराव लिहून झालाय, साहेब. तो रद्द करा, मग येऊ.’’

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाला असता, अगं, माणूस एवढा खाली आला, चढ की आता. पण माझा स्वभाव तुम्हाला नवा नाही. आणि माझं सगळंच चुकलं असंही मी म्हणणार नाही. धाक कुणाचा राहील, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे. त्याचं उत्तर तुम्ही उद्यावर टाकून गेलात. मीही तिकडं येईन तेव्हा ते मागून घेईन, सोडणार नाही.

आज पाचवी संध्याकाळ. साठेसाहेब रोज खाली येतात. आता ज्योत विझत नाही. सरदारजी, गजकवाली, इस्त्रीवाला, सगळे येतात. रुपालीच्या नवऱ्याला चैत्रात रजा मंजूर झाली आहे. ती म्हणते, आल्या आल्या त्याला पहिलं इथंच आणीन. समितीची बैठक रविवारी आहे आणि हात वर करायला मी आहेच.

तोवर देव रोज रस्त्यावर येतोय, अहो. तुम्ही लावलेली सवय आहे, आणि खरं सांगू, रविवारी ठराव रद्द झाला तरी ती मोडायला मी देणार नाही.